इलेक्ट्रिक फोक रॉकमधील प्राचीन युरोपीय वाद्ये

क्रमहॉर्न (खाली वळलेले फुंकवाद्य), शॉम (सनईसारखे वाद्य), सॅकबट (ट्रॉम्बोनचा पूर्वज), व्हायोल (गजाने वाजवायचे तंतुवाद्य), रेकॉर्डर (उभी बासरी) ही सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात गाजलेली आणि पुढे प्रचारातून गेलेली वाद्ये. इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम यांच्या साथीला ती बसवण्याचा प्रयोग मुख्यतः १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये रंगला.

त्याची पूर्वतयारी दोन बाजूंनी झाली. जुन्या वाद्यांचे वादक डेव्हिड मन्रो यांनी १९६७ मध्ये ‘अर्ली म्युझिक कन्सॉर्ट ऑफ लंडन’ स्थापन करून या वाद्यांना पुन्हा श्रोते मिळवून दिले. ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या इंग्लिश बँडने १९६९ मध्ये जुनी इंग्रजी लोकगीते थेट रॉकच्या ठेक्यावर आणली. त्याच वर्षी शर्ली आणि डॉली कॉलिन्स या बहिणींच्या ‘अँथम्स इन ईडन’मध्ये मन्रो यांचे वादक लोकगीतांच्या साथीला बसले. त्यात वीजवाद्ये नव्हती. पण पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या तबकड्या काढणाऱ्याच ‘हार्वेस्ट’ लेबलवर निघाल्याने ही तबकडी रॉकच्या श्रोत्यांपुढे आली.

खरी अडचण आवाजाची होती. क्रमहॉर्नची दुहेरी पत्ती लाकडी टोपीत बंद असते. गारुड्याच्या पुंगीप्रमाणे वादकाचे ओठ तिला लागतच नाहीत. फुंक वाढवली तर आवाज मोठा होत नाही, सूर तेवढा बिघडतो. पल्लाही जेमतेम सप्तकाहून थोडा अधिक. ड्रमपुढे हे वाद्य दबते. मायक्रोफोन आवाज वाढवतो. स्वरातला चढउतार मात्र तो देऊ शकत नाही. तो रचनेतूनच आणावा लागतो: कधी वाद्ये एकेक करून वाढवायची, तर कधी ड्रम पूर्ण थांबवायचे.

हे गणित सर्वांत सफाईने सोडवले ‘ग्रिफॉन’ या बँडने. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेले रिचर्ड हार्वी आणि ब्रायन गुलँड हे तिचे संस्थापक. १९७३ची पहिली तबकडी जवळजवळ वीजवाद्यांविनाच आहे. १९७४ मध्ये त्यांनी दिग्दर्शक पीटर हॉल यांच्या ‘द टेम्पेस्ट’ या शेक्सपिअरच्या नाटकाच्या प्रयोगाला संगीत दिले आणि त्याच वर्षी ‘रेड क्वीन टू ग्रिफॉन थ्री’ ही बुद्धिबळावर बेतलेली, गायनाविना चार रचनांची तबकडी काढली. तीत कळवाद्ये आणि बेस पुढे येतात, क्रमहॉर्न रंगापुरता उरतो आणि गुलँड यांचा बासून (खालच्या सुरांचे फुंकवाद्य) भाव खाऊन जातो. ‘येस’ या रॉक बँडबरोबरच्या अमेरिका दौऱ्याने नाव झाले, पण १९७७च्या ‘ट्रीझन’नंतर, पंक या साध्या, आक्रमक रॉकच्या लाटेत, ग्रिफॉन थांबली.

बेसवादक अ‍ॅशली हचिंग्ज यांच्या ‘अल्बियन डान्स बँड’ने वेगळी वाट धरली. त्यांनी नाचाची जुनी चाल घेतली आणि तिला सनईच्याच कुळातले शॉम दिले. शॉम मुळात उघड्यावर वाजवायचे वाद्य, त्यामुळे ड्रमशी त्याचे सहज जमते. ग्रिफॉनच्या कारागिरीपेक्षा नाचणाऱ्यांना हेच अधिक भावले असणार.

फ्रान्समध्ये ‘मालिकोर्न’ने लोकगीतांवर, तर जर्मनीत ‘ऊगेनवाइडे’ने मध्ययुगीन जर्मन काव्यावर असाच प्रयोग केला. १९९०च्या दशकात जर्मनीतच ‘इन एक्स्ट्रेमो’सारख्या गटांनी मशकवाद्य आणि शॉम हेवी मेटलच्या गिटारीशी जोडले, नाजूक क्रमहॉर्नला तिथे फारशी जागा उरली नाही.