पार्श्वभूमी : नोंदणी झाली, मग ट्रेनिंगचं काय?

इंदुरात, विशेषतः रामबागेकडच्या मराठी घरांत, ‘मुलगा यूकेत ट्रेनिंगला आहे’ असं कुणी सांगितलं तर त्याचे निदान तीन अर्थ निघू शकतात. मुलगा प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीची तिथली परीक्षा, देऊन तिथल्या वैद्यक परिषदेच्या रजिस्टरवर आला असेल. किंवा एखाद्या हॉस्पिटलात वर्षभराच्या करारावर क्लिनिकल फेलो असेल. किंवा खरोखरच स्पेशालिटी ट्रेनिंगच्या जागेवर असेल, जिथून पुढे कन्सल्टंट, म्हणजे तिथला वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, होता येतं. तिकडे ‘ट्रेनिंग’ म्हणतात ते फक्त या तिसऱ्याला. नोंदणी परिषद देते. ट्रेनिंगच्या जागा सरकारी आरोग्ययंत्रणेच्या हातात असतात आणि तिथे कुणाचा अर्ज आधी बघायचा, हे बराच काळ व्हिसाच्या नियमांनी ठरवलं. आपल्याकडे मात्र तिन्ही एकाच शब्दात गुंडाळले जातात.

जुना इतिहास थोडक्यात. ब्रिटिश परिषदेने भारतीय पदव्यांना १८९२ पासून मान्यता दिली, १९३० मध्ये ती काढली, आणि त्या भांडणातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला. इंदूरला याची झळ फारशी लागली नाही, कारण १८७८ पासून चालणारी इथली मेडिकल स्कूल लायसन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी परवाना घेतलेले, डॉक्टर तयार करत असे. एमबीबीएसचं कॉलेज झालं ते १९४८ मध्ये. त्यानंतरच्या पिढीला मात्र विलायत सोपी होती. एमबीबीएस दाखवायची, नोंदणी घ्यायची, हाऊस जॉब, म्हणजे हॉस्पिटलातली कनिष्ठ डॉक्टरची नोकरी, धरायचा. १९७५ मध्ये ते दार बंद झालं. भारतीय पदव्यांना परत मिळालेली मान्यता पुन्हा गेली आणि परीक्षा आली, तीच पुढे प्लॅब. ती पास झाल्यावरही बहुतेकांना मिळे ते ‘लिमिटेड रजिस्ट्रेशन’, म्हणजे ठरावीक नोकरी, वरिष्ठांची देखरेख आणि पाच वर्षांची मर्यादा. हा प्रकार २००७ मध्ये संपला.

खरा घोळ २००६ चा. १९८५ पासून परदेशी डॉक्टरला ट्रेनिंगसाठी वर्क परमिटची गरज नसे. सुरुवातीला ही सवलत चार वर्षांची होती. त्या भरवशावर हजारो भारतीय डॉक्टर कर्ज काढून प्लॅबला गेले. पूर्व लंडनच्या ईस्ट हॅममध्ये एकेका खोलीत पाच-सहा जण राहायचे आणि बरेच जण देवळात किंवा गुरुद्वारात जेवायचे. ७ मार्च २००६ ला सरकारने ही सवलत रद्द केल्याचं जाहीर केलं. अंमल ३ एप्रिलपासून. मध्ये महिनाही नाही. परीक्षा पास झालेले, नोंदणी हातात असलेले लोक रातोरात वर्क परमिटच्या रांगेत गेले, आणि परमिट हवं तर हॉस्पिटलने आधी सिद्ध करायचं की ब्रिटिश किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही.

सरकारची बाजूही होती. देशातली मेडिकल कॉलेजं वाढवलेली, त्यांतून निघणाऱ्यांना जागा हव्या होत्या. पण धोरण बदलणं वेगळं आणि वाट निम्मी चालून आलेल्या माणसाखालून जाजम ओढणं वेगळं.

यातून सुटायचा एक रस्ता होता, ‘हायली स्किल्ड’ व्हिसा. हा २००२ पासून होता आणि त्यावर परमिटविना नोकरी करता यायची. अनेकांनी तो घेतला. त्यावर आरोग्य खात्याने हॉस्पिटलांना सूचना धाडली : ज्याच्या व्हिसाची मुदत ट्रेनिंग संपायच्या आधी संपते, त्याला परमिटवाल्यासारखंच धरा. व्हिसा गृहखात्याचा, नियमही गृहखात्याचे, आणि ते फिरवले दुसऱ्याच खात्याच्या एका सूचनेने. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली. ३० एप्रिल २००८ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध एक अशा मताने ती सूचना बेकायदा ठरवली. इथे वाचणारे हमखास गफलत करतात. कोर्टाने फक्त सूचना उडवली. परमिटविना ट्रेनिंग परत आलं नाही.

पुढची दहा-अकरा वर्षं बाहेरच्यांच्या वाट्याला बहुतेक करून दुसऱ्या फेरीत उरलेल्या जागा आल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये आधी ब्रिटिश किंवा युरोपीय उमेदवार शोधायची ही अट सगळ्या डॉक्टरांपुरती उठली आणि परदेशी पदवीधर पहिल्या फेरीत बरोबरीने उभे राहिले. अर्जांचा पूर आला. २०२५ मध्ये जेमतेम १३,००० जागांसाठी ३०,००० हून अधिक अर्जदार होते. त्याच जुलैत सरकारने आपल्या आरोग्य योजनेत जाहीर केलं की तिथले पदवीधर आणि तिथल्या सरकारी सेवेत बराच काळ घालवलेले डॉक्टर यांना प्राधान्य. २००६ चीच चाल, पण या वेळी आत काम करत असलेल्यांसाठी फट ठेवून.

परीक्षेचं तंत्र त्यामानाने सरळ आहे. आधी इंग्रजीची चाचणी : आयईएल्ट्‌समध्ये एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, तेही एकाच बैठकीत. प्लॅब १ मध्ये तीन तासांत १८० प्रश्न. प्लॅब २ मँचेस्टरला, सोळा स्टेशनं, म्हणजे पेशंट तपासण्याचे-बोलण्याचे नमुना प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं. तिथे आपली मुलं ज्ञानात कमी पडत नाहीत. पेशंटला काय वाटतंय ते न विचारता थेट औषध सांगायला लागतात आणि गुण जातात.

कागदांत मात्र माणसं महिनोन्‌महिने अडकतात. २०१८ पासून पदवीची पडताळणी एपिक या ऑनलाइन सेवेमार्फत होते. इंदूरच्या कॉलेजची संलग्नता आग्रा, उज्जैन, मग इंदूरचं विद्यापीठ आणि आता जबलपूर अशी फिरली आहे, म्हणून आपल्या पदवीवर कुणाचं नाव आहे ते आधी बघावं. दुसरी अडचण खास मराठी. मध्य प्रदेशच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत असतं, आणि पासपोर्टवर घरच्यांनी ते हौसेने मुलाच्या नावातच घातलेलं असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं तर विचारूच नका. पासपोर्ट आणि पदवी अर्जाआधीच जुळवून घ्यावी. गुड स्टँडिंगचा दाखला, म्हणजे आपल्यावर कारवाई नसल्याचं नोंदणी परिषदेचं पत्र, तीनच महिने चालतो, तो शेवटी काढायचा, आणि गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या राज्यात नोंदणी केली असेल तर तिथलाही.

ट्रेनिंगच्या अर्जासाठी यानंतर क्रेस्ट फॉर्म, म्हणजे स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी तयार असल्याचा दाखला. त्याला इंटर्नशिपनंतरचा बारा महिन्यांचा अनुभव लागतो आणि सही करणाऱ्या कन्सल्टंटच्या हाताखाली किमान तीन महिने काम केलेलं असावं लागतं. एमवायमधली, म्हणजे इंदूरच्या कॉलेजच्या हॉस्पिटलातली, इंटर्नशिप त्या बारा महिन्यांत धरत नाहीत.