एकच क्लास, दोन जार: जावा बिल्डमधल्या दुहेरी लायब्ररींची पार्श्वभूमी

कोड कंपाइल होतो, सोर्समध्ये मेथड दिसते, आणि प्रोग्राम चालवला की 'नोसचमेथडएरर', म्हणजे 'अशी मेथडच नाही' ही चूक. बऱ्याचदा त्याच नावाचा क्लास क्लासपाथवरच्या (क्लास जिथे शोधायचे त्या जागांची यादी) दोन जारमध्ये (अनेक क्लास एकत्र बांधलेल्या फाइलींमध्ये) असतो आणि जेव्हीएमने, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेने, जुना उचललेला असतो. याची मुळं बरीच जुनी आहेत.

जार फाइल आली ती 1997 च्या जेडीके 1.1 बरोबर. आत आवृत्ती नोंदवण्याची सक्ती नव्हती. क्लास शोधून आणणारा नेहमीचा क्लासलोडर क्लासपाथ क्रमाने चाळतो आणि पहिला क्लास सापडला की थांबतो. पुढे त्याच नावाचा आणखी एक आहे का, हे तो बघतच नाही, मग तक्रार कुठून करणार? 2006 च्या जावा 6 पासून तारांकन देऊन फोल्डरमधले सगळे जार एकदम घेता येऊ लागले, पण त्यांचा क्रम निश्चित नाही. म्हणूनच एका मशीनवर चालणारं बिल्ड दुसऱ्यावर कोसळू शकतं.

अँट या जुन्या बिल्ड साधनाच्या काळात जार हाताने लिब फोल्डरमध्ये टाकले जायचे. कष्टाचं काम, पण काय काय आहे ते डोळ्यांसमोर असे. 2005 मध्ये मेव्हन 2 हे बिल्ड साधन आलं आणि लायब्ररीला लागणाऱ्या लायब्ररीही आपोआप येऊ लागल्या. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या तर मेव्हन डिपेंडन्सींच्या झाडात (कुणाला कोणती लायब्ररी लागते त्या साखळीत) आपल्या प्रोजेक्टला जवळची निवडतं, मग ती जुनी का असेना. ग्रेडल हे दुसरं बिल्ड साधन सहसा सर्वांत नवी घेतं. मला ग्रेडलचा नियम जास्त सुरक्षित वाटतो, तरी खरी अडचण दोघांनाही सुटलेली नाही.

ही साधनं लायब्ररी ओळखतात ग्रुप आयडी (प्रकाशकाची ओळख) आणि आर्टिफॅक्ट आयडी (लायब्ररीचं नाव) यांवरून, तर जेव्हीएम ओळखतो क्लासचं नाव. गूगलची 'गूगल कलेक्शन्स' ही लायब्ररी पुढे त्यांच्याच ग्वावा या लायब्ररीत सामावली गेली. आयडी बदलले, पॅकेज (क्लासच्या पूर्ण नावातला आधीचा भाग) तेच राहिलं. दोन्ही जार बिल्डमध्ये आले तर मेव्हनच्या लेखी त्या दोन वेगळ्या लायब्ररी, संघर्ष शून्य; आत मात्र 'इम्म्युटेबललिस्ट' दोनदा. वेब प्रोग्रामसाठीच्या सर्व्हलेट एपीआयचंही तसंच. जावा ईई (सर्व्हलेटसकट मोठ्या प्रोग्रामसाठीचे जावाचे मानक संच) एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर आयडी 'जकार्ता' झाले, पण 4.0 मालिकेतल्या जारमध्ये पॅकेज 'जावाएक्स'च होतं. पॅकेजचं नाव बदललं ते 2020 च्या जकार्ता ईई 9 मध्ये.

त्यामुळे मेव्हनची 'डिपेंडन्सी:ट्री' किंवा ग्रेडलची 'डिपेंडन्सीइनसाइट' ही कमांड कोणती लायब्ररी कुणामुळे आली ते चोख दाखवते, पण दोन जारमध्ये एकच क्लास आहे हे सांगत नाही. त्यासाठी बिल्डवर नियम लावणाऱ्या मेव्हन एन्फोर्सर या प्लगइनला जोडायचा 'बॅनडुप्लिकेटक्लासेस' हा नियम आहे. तो जारच्या आतले क्लास तपासून बिल्डच थांबवतो. मोठ्या प्रोजेक्टमध्ये तो पहिल्या दिवसापासून लावावा असं माझं ठाम मत आहे. चालू प्रोग्रामच्या बाबतीत जावाचा 'व्हर्बोज:क्लास' पर्याय कोणता क्लास कोणत्या जारमधून आला ते ओळीओळीने छापतो.

2017 च्या जावा 9 मधली मॉड्यूल व्यवस्था एकच पॅकेज दोन मॉड्यूलमध्ये असलं की सुरुवातीलाच अडवते. पण पुष्कळ प्रोजेक्ट अजून क्लासपाथवरच चालतात.

डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे 2 या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या लायब्ररीमधली गंभीर त्रुटी उघड झाली आणि ही शोधाशोध सुरक्षेचाही प्रश्न बनली. काही प्रोजेक्टमध्ये लॉगफोरजेचे क्लास दुसऱ्याच कुणाच्या मोठ्या जारमध्ये भरलेले होते. डिपेंडन्सीच्या यादीत लॉगफोरजेचं नाव नव्हतं. जार उघडून आतले क्लासच तपासावे लागले.