पोकळ गिटार घुमते काहून?

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उघडतो. वडशाच्या कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावोगावी फिरतात. नाटक रात्री दहाला चढतं आणि उजाडता उजाडता उतरतं. अशाच एका कंपनीत वाजवणारा माझा जुना विद्यार्थी परवा गिटार घेऊन दारात उभा. "सर, आठ दिवस वाजवून पाहाले आणली. विकणारा 1958 ची म्हणते, दीड लाख सांगून रायला. पण अँपला लावली का घुमते जी. काहून?"

गिटार देखणी होती. पोट पोकळ, वरची पाटी व्हायोलिनसारखी फुगीर, तिच्यात इंग्रजी एफच्या आकाराची दोन छिद्रं, तारांखाली पत्र्याच्या झाकणाचे दोन पिकअप. डोक्यावरचं नाव मात्र खरवडून वर काळा रंग मारलेला. विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, की लाकूड मुरलेलं आहे, पिकअप हंबकर आहेत म्हणून ती घुमूच शकत नाही, आणि तरी घुमलीच तर दोष तुमच्या गावच्या विजेचा.

यातलं मधलं वाक्य ऐकून मला राहवेना. घरघर आणि घुमणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि जुन्या गिटारींच्या बाजारात एकाचं औषध दुसऱ्यावर सर्रास खपवलं जातं.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेचा 1831 चा शोध, दहावीच्या पुस्तकातला. पण त्याच वेढ्यांना घरातल्या वायरिंगचं, ट्यूबलाइटचं, जनरेटरचं 50 हर्ट्झचं क्षेत्रही भेटतं. ती घरघर. गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये यावर तोड काढली. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, एकीचं चुंबक उलटं आणि वेढ्यांची दिशाही उलटी. बाहेरची घरघर एकीत अधिक, दुसरीत उणे, बेरीज शून्य. तारेचा आवाज दोनदा उलटून सुलट होतो, त्याची बेरीज दुप्पट. हाच हंबकर. त्याने घरघर मारली. घुमण्याशी त्याचं काहीएक देणंघेणं नाही.

ओळखायचं कसं? तारांवर पंजा दाबून ठेवा. आवाज तसाच राहिला तर घरघर, थांबला तर घुमणं.

आता घुमण्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. नळाखाली घागर भरताना आवाज चढत जातो, हे आपण रोज ऐकतो. घागरीच्या गळ्यातली हवा हा एक दट्ट्या समजा आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. दट्ट्या आत गेला की स्प्रिंग दाबली जाते, ती त्याला बाहेर फेकते, तो जरा जास्तच बाहेर जातो, स्प्रिंग परत ओढते. या झोक्याचा ठरलेला वेग असतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. तोंड मोठं केलं की वारंवारिता वाढते, पोट मोठं केलं की घटते, गळा लांबवला तरी घटते. नेमकं सांगायचं तर तोंडाच्या क्षेत्रफळाला पोटाचं आकारमान गुणिले गळ्याची लांबी यांनी भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि ध्वनीच्या वेगाला दोन पायने भागून त्याने गुणायचं. ज्यांना वर्गमूळ आवडत नाही त्यांनी घागर लक्षात ठेवावी.

गिटारीचं पोट म्हणजे पंधराएक लिटरची घागरच, फक्त तोंडं दोन. मी मोबाइलवर सूर काढणारं अॅप लावलं, स्पीकर समोर ठेवला आणि देवघरातली उदबत्ती एका छिद्रापाशी धरली. (सौ.चं म्हणणं, आता गिटारीला ओवाळायचं तेवढं राहिलं होतं.) 80 हर्ट्झपासून हळूहळू चढत गेलो. 100 ला धुराची रेघ सरळ. 110 ला जरा थरथर. 118 ला धूर छिद्राच्या तोंडाशी पिंजून गेला, जणू आत कोणी धापा टाकतंय. पुढे 130 ला पुन्हा सरळ.

गिटारीची पाचवी तार मोकळी वाजवली की 110 हर्ट्झ, तिचा पहिला पडदा दाबला की 116.5. पोरगा ओरडलाच, "इथंच तर बोंबलते सर!"

का बोंबलते ते पाहा. स्पीकरचा आवाज पोटात शिरतो, पोट वरच्या पाटीला हलवतं, पाटी तारेला, तार पिकअपला, पिकअप अँपला, अँप पुन्हा स्पीकरला. एका फेरीत आवाज जेवढा गळतो त्याहून जास्त वाढला, आणि परत येणारा धक्का झोक्याला योग्य वेळी बसला, की आवाज स्वतःच्या पायावर उभा राहतो. मग वादकाची गरज नाही. धक्का योग्य वेळी बसणं हे अंतरावर ठरतं. 118 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 2.9 मीटर. स्पीकर तिच्या निम्म्याने, म्हणजे पावणेपाच फूट सरकवला, तर पुढे ढकलणारा धक्का मागे ओढू लागतो.

यावरून त्याने एक गोष्ट कबूल केली. एका गावी गिटार फारच बोंबलली तेव्हा कुणीतरी "नजर लागली असन" म्हणालं आणि अँपला लिंबू-मिरची बांधली गेली. आवाज थांबला! मी विचारलं, बांधली कुठे? तर अँपला कडी नव्हती, म्हणून तो उचलून मांडवाच्या बल्लीजवळ नेला होता. चार-पाच फूट. लिंबाचे दोन रुपये फुकट गेले म्हणायचे.

मग एक छिद्र चिकटपट्टीने बंद केलं. क्षेत्रफळ निम्मं, म्हणून हिशेबाने 118 चं 83 व्हायला हवं, आलं 88. पोटाच्या भिंती माठासारख्या कडक नसतात, त्याही हलतात, त्याचा हा फरक. पण दुखणं पाचव्या तारेवरून सहावीकडे सरकलं, गेलं नाही. दोन्ही छिद्रं बुजवल्यावर हवेचं घुमणं संपलं, पाटीचं थोडं उरलं. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या गिटारीचं मॉडेल गिब्सनने 1980 मध्ये काढलं, त्याला तर एफ-छिद्रंच ठेवली नाहीत.

जुन्या मॉडेलांचा इतिहासही या एका दुखण्याभोवती फिरतो. 1936 ची ईएस-150 ही गिब्सनची पिकअप लावलेली पोकळ गिटार. ट्रंपेटांच्या गर्दीत गिटार ऐकू यावी एवढाच हेतू. 1940 च्या सुमारास गिटारवादक लेस पॉलने चार इंची पाइनच्या ठोकळ्यावर तारा ताणल्या आणि दिसायला बरं म्हणून पोकळ गिटारीचे दोन अर्ध बाजूंना लावले. 1949 ची ईएस-175 दाबलेल्या मेपल प्लायची. 1958 च्या ईएस-335 च्या पोटात, ते घुमू नये म्हणून, मधोमध मेपलचा ठोकळा आला. प्लाय म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, पण अँपवर वाजवणाऱ्याला ते सोयीचं. कोरीव पाटीपेक्षा ते कमी हलतं, म्हणून कमी घुमतं. शिवाय थरांचे रेषे एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे मे महिन्यातलं आमचं 45 अंशांचं कोरडं ऊन आणि जुलैची ओल, दोन्हींत ते अखंड स्प्रूसच्या पाटीसारखं चटकन तडकत नाही.

मुरलेल्या लाकडाबद्दल एवढंच सांगतो. 2010 मध्ये इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी 21 व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली, तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती, म्हणजे इटलीच्या स्ट्रॅडिव्हरीने घडवलेली, जगात सर्वांत नावाजलेली. सर्वांत आवडलेलं व्हायोलिन नवं निघालं आणि सर्वांत नावडतं स्ट्रॅडिव्हेरियस.

राहिलं साल. छिद्रातून दिसणारा कागदी लेबल कुणीही चिकटवू शकतो. आम्ही डेंटिस्टचा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन व्हॉल्यूमच्या पॉटची, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाची, पाठ वाचली: 137, पुढे 7118. पहिले तीन आकडे अमेरिकेतल्या सीटीएस या कारखान्याचे, मग साल 71, आठवडा 18. म्हणजे हा पॉट 1971 च्या मे महिन्याआधीचा असूच शकत नाही. जोडावरचं सोल्डर जुनं, कुणी उघडल्यासारखं दिसत नव्हतं. फोनवर विकणारा म्हणाला, "पॉट बदलला असन." तासाभराने तोच नव्वद हजारांवर आला.

घेतली त्याने. घुमण्यावर मी उपाय सांगितला, की पोटात सैलसर रुई भर. हवेचा झोका तिच्या तंतूंत घासून विरतो. त्याची सासुरवाडी यवतमाळकडची, तिथून त्याने पिशवीभर कापूस आणला आणि छिद्रांतून चिमटीचिमटीने कोंबला. दुसऱ्या दिवशी फोन. "सर, घुमणं बंद झालं जी, पण आता खुळखुळते." सरकी काढायची राहिली होती.