जुन्या ब्राउझरमध्ये स्लाइडशो का अडतो: दुरुस्त्यांमागचा इतिहास

चार-पाच चित्रं, दोन बाण आणि दर काही सेकंदांनी होणारी अदलाबदल. स्लाइडशो म्हणजे एवढंच. पण त्यासाठी चित्र पूर्ण लोड झालं की नाही हे कळावं लागतं, एक चित्र विरत असताना दुसरं उमटवावं लागतं, टायमर चालू ठेवावा लागतो आणि क्लिक किंवा स्वाइप पकडावा लागतो. ब्राउझरांचं एकमेकांशी पटत नसे ते नेमकं याच बाबतींत. म्हणूनच जुन्या स्लाइडशो लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, फाइल उघडली की बऱ्याच ओळी स्लाइडशोच्या नसतातच, ब्राउझर सांभाळून घेण्याच्या असतात.

भांडण १९९७ पासूनचं. पानावरचा भाग दाखवायला-लपवायला नेटस्केप ४ मध्ये ‘डॉक्युमेंट.लेयर्स’ होतं, तर इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) ४ मध्ये ‘डॉक्युमेंट.ऑल’. नेटस्केप मागे पडला, ऑगस्ट २००१ मध्ये आयई ६ आला आणि त्याची पुढची आवृत्ती यायला थेट ऑक्टोबर २००६ उजाडला. या पाच वर्षांत जे साचलं, त्याच्याच दुरुस्त्या पुढे लायब्रऱ्यांमध्ये भरल्या गेल्या.

नमुन्यादाखल फेड, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटणं, घ्या. इतर ब्राउझर ‘ओपॅसिटी’ हा पारदर्शकता ठरवणारा गुणधर्म मानू लागले होते. आयई ८ पर्यंत मात्र मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अल्फा फिल्टर लावावा लागे. हा फिल्टर चालण्यासाठी त्या घटकाला आयईच्या अंतर्गत अर्थाने ‘लेआउट’ असावा लागे, म्हणून सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘झूम: १’ अशी वरवर निरर्थक ओळ घातली जाई. एवढं करून फेड झाला, तरी आयई ७ मध्ये त्या स्लाइडवरच्या मजकुराचं क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवणारं विंडोजचं तंत्र) जाई आणि अक्षरं दातेरी दिसत. उपाय असा, की फेड संपताक्षणी फिल्टर काढूनच टाकायचा. जेक्वेरी या लायब्ररीवर चालणाऱ्या ‘जेक्वेरी सायकल’ या लोकप्रिय प्लगइनमध्ये, म्हणजे जोड-कोडमध्ये, क्लिअरटाइपसाठी वेगळी सेटिंग होती, ती याचमुळे.

इव्हेंटची, म्हणजे क्लिकसारख्या घटनेच्या सूचनेची, तऱ्हा तीच. आयई ९ येईपर्यंत, म्हणजे मार्च २०११ पर्यंत, ती सूचना पकडायला ‘ॲडइव्हेंटलिसनर’ऐवजी ‘अटॅचइव्हेंट’ वापरावं लागे, आणि त्यात ‘धिस’ (कोड कोणासाठी चालतोय ते सांगणारा शब्द) म्हणजे क्लिक झालेलं बटण नव्हे, तर अख्खी विंडो. कोड ‘धिस’वर विसंबलेला असला की कोणत्या स्लाइडशोचा बाण दाबला हेच त्याला कळत नसे. शिवाय सेटिंगच्या यादीत शेवटी एक स्वल्पविराम जास्तीचा राहिला, तर आयई ७ सगळी स्क्रिप्टच नाकारी.

जानेवारी २००६ मध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी जाहीर केली आणि हा पसारा एका जागी झाकला गेला. स्लाइडशो प्लगइनांचं पीक आलं ते त्यानंतर. पण एक खोड राहिलीच: ब्राउझरला त्याचं नाव विचारायचं आणि त्यावरून त्याला काय जमतं ते ठरवायचं. माझ्या मते पुढचे बरेचसे बिघाड या खोडीचे आहेत, जुन्या ब्राउझरांचे नव्हेत. जानेवारी २०१३ मध्ये जेक्वेरी १.९ ने ‘ब्राउझर’ हा गुणधर्म काढून टाकला आणि ‘ब्राउझर.एमएसआयई’ तपासणारी प्लगइनं क्रोम-फायरफॉक्समध्येही बंद पडली. आयईसाठी केलेल्या दुरुस्तीने बाकीचे ब्राउझर पाडले! त्याच वर्षी आयई ११ ने आपल्या ओळखीतून ‘एमएसआयई’ हे नावच वगळलं, त्यामुळे नाव शोधणारा कोड तिकडूनही फसला.

टायमरचा किस्सा वेगळा, कारण तिथे दोष जुन्या ब्राउझरचा नव्हताच. २०११ मध्ये जेक्वेरी १.६ ने ॲनिमेशनसाठी ‘रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम’ (पडदा पुन्हा रंगवताना कोड चालवणारी ब्राउझरची सोय) घेतलं. टॅब मागे गेला की ते थांबतं. ‘सेटइंटरव्हल’ हा ठरावीक अंतराने कोड चालवणारा टायमर मात्र चालूच राहतो. परिणामी मागच्या टॅबमध्ये स्लाइड बदलण्याचे हुकूम रांगेत साठत आणि वापरणारा परतला की सगळ्या स्लाइड एका दमात धावत सुटत. १.६.३ मध्ये हा बदल मागे घेतला गेला आणि थेट २०१६ मध्ये, जेक्वेरी ३ सोबत, परत आला. पुढची वेळ ठरवायची ती आधीचं ॲनिमेशन संपल्यावर, हा शहाणपणा बऱ्याच लायब्रऱ्यांत यातूनच आला.

मग सीएसएस ट्रान्झिशन आली, म्हणजे हालचाल स्क्रिप्टऐवजी सीएसएसनेच करायची सोय. वेबकिट (सफारीचं इंजिन), ऑपेरा, फायरफॉक्स: ‘ट्रान्झिशन संपली’ हे कळवणाऱ्या इव्हेंटची नावं वेगवेगळी, आणि आयई ९ मध्ये तो इव्हेंटच नाही. लायब्ररी ‘हालचाल चालू आहे’ अशी खूण लावून त्या इव्हेंटची वाट पाहत बसे. तो येत नसे, खूण पुसली जात नसे आणि दुसऱ्या क्लिकपासून बाण मेलेला. बूटस्ट्रॅप ३ या वेब डिझाइनच्या लायब्ररीत यावर उपाय म्हणून ठरावीक वेळ उलटली की तो इव्हेंट स्वतःच घडवून आणणारं फंक्शन होतं. दिसायला ओबडधोबड, पण माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत समजूतदार दुरुस्ती हीच. ती ब्राउझरच्या नावावर अडून राहत नाही, इव्हेंट हुकला तरी स्लाइडशो पुढे सरकतो.

आयई ८ एवढा रेंगाळला, कारण विंडोज एक्सपीवर आयई ९ चालत नव्हता आणि एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ पर्यंत सुरू होता. आयई ११ जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. आता जुना ब्राउझर म्हणजे बहुधा अपडेट थांबलेल्या आयफोन-आयपॅडवरची सफारी. तिची आवृत्ती आयओएसला बांधलेली असल्याने वापरणाऱ्याला ती वेगळी बदलता येत नाही. इथला बिघाडही नव्या जातीचा आहे. सफारी १३.१ च्या आधी ‘ऑप्शनल चेनिंग’ची ‘?.’ ही खूण (गोष्ट असेल तरच पुढचा भाग वाच, असं सांगणारी) वाचताच येत नाही, त्यामुळे एका प्रश्नचिन्हापायी पूर्ण फाइल नाकारली जाते. एखादी पद्धत गायब असेल तर पॉलिफिल (ती उणीव भरून काढणारा कोड) लावून भागतं. व्याकरणच कळत नसेल तिथे पॉलिफिल लागू पडत नाही, कोड बेबलसारख्या साधनातून जुन्या रूपात उतरवूनच द्यावा लागतो. आणि ते राहून गेलं असेल तर निदान पहिलं चित्र दिसावं, म्हणून बाकीच्या स्लाइड लपवण्याचं काम सीएसएसवर सोपवावं लागतं, स्क्रिप्टवर नाही.