मुंबईच्या खिडकीतला मरवा

दादरच्या फुलबाजारात वेण्या ओवणाऱ्या बायकांसमोर अबोलीच्या ढिगाशेजारी मरव्याच्या करड्या-हिरव्या जुड्या असतात. अबोलीला रंग आहे, वास नाही. वेणीला सुगंध येतो तो मरव्यामुळे. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींमध्येही मरवा आहे. इतक्या ओळखीची ही वनस्पती घरच्या कुंडीत मात्र क्वचितच दिसते, आणि आपल्या स्वयंपाकघरात तर जवळपास नाहीच. हे बदलावं असं मला मनापासून वाटतं.

मरव्याचं पान भिंगाखाली धरून पाहा. बारीक लव दिसेल आणि लवेच्या मधे मधे चमकदार ठिपके. हे ठिपके म्हणजे तेलग्रंथी. ग्रंथीच्या तळाशी पेशींची एक चकती असते. त्या पेशी सुगंधी तेल तयार करतात आणि ते पानावरच्या मेणचट पापुद्र्याखाली साठत जातं. पान चुरगाळलं की पापुद्रा फाटतो आणि तेल हवेत उडतं. तुळस, पुदिना, सब्जा, पानओवा ही सगळी याच कुळातली, आणि त्यांच्या पानांवरही अशाच ग्रंथी असतात.

फरक आहे तो तेलात. पिझ्झाबरोबर पुडीतून येणारा ओरिगॅनो हा मरव्याचा अगदी जवळचा भाऊबंद. दोघांची प्रजाती (इंग्रजीत जीनस) एकच, ओरिगॅनम. तरी ओरिगॅनोचा वास तिखट, घशाला लागणारा, कारण त्यात कार्व्हाक्रॉल भरपूर असतं. तेच रसायन खोकल्यावर चघळायच्या पानओव्यात सापडतं, आणि त्याचं जुळं भावंड थायमॉल आपल्या ओव्यात, जो मुळात कोथिंबिरीच्या कुळातला! म्हणजे नाकाला जे सारखं वाटतं ते वनस्पतिशास्त्रात नातेवाईक असेलच असं नाही. मरव्याच्या मऊ, गोडसर वासामागे मुख्यतः सिस-सबिनीन हायड्रेट नावाचं संयुग आहे. ते फार नाजूक असतं. उष्णता आणि आम्ल मिळालं की त्याची रचना बदलते आणि टर्पिनेन-४-ऑलसारखे दुसरे पदार्थ तयार होतात. वाफेवर काढलेल्या मरव्याच्या तेलात हेच घडतं, म्हणून बाटलीतल्या तेलाला ताज्या पानाचा वास पुरता येत नाही. तो हवा असेल तर रोपच हाताशी हवं.

१७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ज्याला ओरिगॅनम मेजोराना हे नाव दिलं, ते हे झुडूप मूळचं सायप्रस आणि दक्षिण तुर्कस्तानच्या खडकाळ उतारांवरचं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. मुंबईत सगळं उलटं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मरवा मरतो तो मुंबईच्या उकाड्याने नव्हे, साचलेल्या पाण्याने. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशांना आयतं रान मिळतं.

म्हणून मरवा लावायचा तो पाऊस पूर्ण सरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटाला किंवा नोव्हेंबरात. बी धुळीइतकं बारीक असतं आणि उगवून आलेली रोपं पटकन कोलमडतात, त्यामुळे नर्सरीतून रोप आणावं किंवा कुणाकडून फांदी मागून घ्यावी. बोटभर लांबीची, फुलावर न आलेली काडी घेऊन खालची पानं काढायची आणि ओलसर वाळूत सावलीला खोचायची. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. कुंडी मातीची असावी, कारण तिच्या भिंतीतूनही ओल उडते. मातीत निम्म्याच्या आसपास जाड वाळू आणि जरासं गांडूळखत पुरे. हल्ली सगळीकडे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सुचवतात, पण ते पाणी धरून ठेवतं; दमट मुंबईत मरव्यासाठी ते जवळपास नकोच. वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नये. खताचाही हात आखडता ठेवावा. खत-पाणी भरपूर मिळालं की रोप भराभर वाढतं, पण पानं पिचपिचीत होतात आणि वास फिका पडतो.

उन्हाचं गणित मात्र मुंबईकराने नीट समजून घ्यावं. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या ग्रिलमध्ये तासन् तास ऊन येतं. मरव्याला हवं तसंच. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो आणि त्याच खिडकीत थेट ऊन जवळजवळ येत नाही. नेमका तेव्हाच पाऊसही येतो. मेअखेरीस रोप छाटून विरळ करावं, म्हणजे फांद्यांमधून वारा खेळेल. कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात ठेवावी आणि खालची ताटली काढून टाकावी. छाटलेल्या काड्यांतल्या काही लावून घ्याव्यात. मूळ रोप दगावलं तरी वाण राहतो.

शेंडे सतत खुडत राहायचे. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात आणि झुडूप दाट होतं. टोकाला कळ्यांच्या हिरव्या गाठी दिसू लागल्या की पांढरी फुलं उमलण्याआधीच कापणी करावी.

खुडलेलं वेणीत माळावंच, पण थोडं गॅसजवळही न्यावं. जर्मनीत बटाट्याच्या सूपात आणि सॉसेजमध्ये मरवा हमखास असतो, आणि बटाट्याशी त्याचं खरंच फार जमतं. आपल्या पिवळ्या भाजीत, साध्या वरणात, ऑम्लेटमध्ये पाच-सहा पानं पुरतात. गॅस बंद केल्यावर घालून वर झाकण ठेवायचं. उकळत्या टोमॅटोच्या सारात तो घालण्यात अर्थ नाही, तिथे आम्ल आणि उष्णता मिळून त्याचा गोडवा घालवतात. बाटलीतलं तेल मात्र पोटात घेऊ नये. ते फार तीव्र असतं.

मरवा वाळवला तरी वास बराच टिकतो, कोथिंबिरीसारखा नाहीसा होत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत जुड्या सावलीत उलट्या टांगाव्यात, पानं कुरकुरीत झाली की अख्खीच काचेच्या घट्ट बरणीत भरावीत आणि वापरताना ऐनवेळी चुरावीत.