वक्त्यांची छाननी (मुंबईतील शिक्षणसंस्था)

बाहेरच्या वक्त्याला व्यासपीठ देण्यापूर्वी महाविद्यालय किंवा विद्यापीठ त्या व्यक्तीची, विषयाची आणि संभाव्य गोंधळाची जी चाचपणी करते, ती. मुंबईत तिची तऱ्हा संस्थेगणिक बदलते.

सुरुवात अर्जाने होते. ‘मा. प्राचार्य’ यांच्या नावे पत्र, सोबत वक्त्याचा परिचय, विषय, हॉलची मागणी आणि एखाद्या प्राध्यापकाची सही. नकार सहसा लेखी येत नाही. ‘त्या दिवशी हॉल रिकामा नाही’, ‘परीक्षा झाल्यावर बघू’ असे कळवले जाते. म्हणूनच जाणते विद्यार्थी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घेतात.

पवईच्या आयआयटीत मात्र निकष कागदावर आले. नोव्हेंबर २०२३मध्ये पॅलेस्टाइनच्या विषयावरून तिथे वाद पेटला, प्रा. अचिन वनाईक यांचे व्याख्यान रद्द झाले आणि संस्थेने तात्पुरती नियमावली काढली. निव्वळ अराजकीय विषय असेल तर वेगळी परवानगी नको. राजकीय वळण लागण्यासारखे असेल तर आढावा समितीची मंजुरी हवी. विषय अराजकीय कुठवर राहतो, हा प्रश्न अर्थातच समितीकडेच गेला.

कधी हरकत वक्त्यावर नसतेच. सेंट झेवियर्स महाविद्यालयात ९ ऑगस्ट २०२५ रोजी व्हायचे व्याख्यान उपजीविकेसाठीच्या स्थलांतरावर होते आणि वक्ते ऑनलाइन बोलणार होते. पण ते आदिवासींच्या हक्कांसाठी काम केलेले जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांच्या स्मृतीचे व्याख्यान होते. एल्गार परिषद प्रकरणात आरोपी असलेल्या स्वामींचे जुलै २०२१मध्ये कोठडीत असतानाच निधन झाले होते. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने त्यांच्या नावाला आक्षेप घेतला आणि कार्यक्रम रद्द झाला.

संस्थेने होकार दिला तरी पोलीस उरतातच. ४ जानेवारी २०१८ रोजी विलेपार्ल्याच्या भाईदास सभागृहात छात्रभारती या विद्यार्थी संघटनेचे संमेलन होते. गुजरातचे दलित नेते जिग्नेश मेवाणी आणि जेएनयूचे विद्यार्थी नेते उमर खालिद येणार होते. कोरेगाव भीमाचा हिंसाचार तीनच दिवसांपूर्वीचा. पोलिसांनी परवानगी नाकारली आणि जमलेल्या विद्यार्थ्यांना दारातूनच हटवले.

परदेशी वक्त्यांच्या बाबतीत व्हिसा आणि दिल्लीची मंजुरी हा वेगळाच व्याप. देशाच्या अंतर्गत बाबींवरील आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिसंवादांनाही पूर्वपरवानगी लागेल, असा आदेश शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२१मध्ये सरकारी विद्यापीठांसाठी काढला होता. शास्त्रज्ञ-प्राध्यापकांनी ओरड केल्यावर फेब्रुवारीत तो मागे घेतला गेला.