बाळ ॲडमिट आहे, म्हणजे अँटिबायोटिक हवंच?

इंदूरला थंडी पडली की रामबागेतल्या मराठी घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: 'छातीत घरघर आहे, ॲडमिट केलंय, मग अँटिबायोटिक मागून घ्या.' हा समज चुकीचा आहे, आणि त्याचा त्रास बाळालाच होतो.

दोन वर्षांच्या आतल्या बाळांची अशी घरघर अनेकदा ब्रॉंकिओलायटिस या फुप्फुसाच्या आजाराची असते. त्याचं मुख्य कारण आरएसव्ही, म्हणजे विषाणू. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. वर जुलाब, अंगावर पुरळ यांची भीती. जिवाणूंचा न्यूमोनिया सोबत असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर तपासून ठरवतात.

या आजारात फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात, चिकट स्रावाने भरतात. तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दोन घोट दूध पिऊन ते तोंड सोडतं, धापा टाकतं, भुकेनं पुन्हा रडतं. म्हणून नाक साफ करणं, गरजेनुसार ऑक्सिजन, नळीने दूध किंवा सलाइन हाच खरा उपचार. आजीला वाटतं, 'हे काहीच करत नाहीत.' खरं तर हेच बाळाला तारतं.

विषाणू पसरतो तो सर्दी झालेल्या मोठ्यांच्या शिंका-खोकल्यातून, हातांतून. भेटायला जाताना हात साबणाने धुवा, बाळाचा पापा घेऊ नका.

घरी असताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, दूध पिणं निम्म्यावर आलं असेल किंवा दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असेल, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.